परतीचा माल: नागपूरची मध्यरात्र आणि मालवाहू विमानांचा हिशेब



इंदुरात कुणी नवा ट्रक घेतला की तो आधी खजराना गणपतीच्या दारात उभा राहतो. हार चढतो, नारळ फुटतो, मग गाडी कामाला लागते. ही रीत चांगलीच आहे. पण त्या ट्रकचे हप्ते कशावर फिटतात, हे देवास नाक्यावरच्या कोणत्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. तो गाडीच्या इंजिनाचे कौतुक सांगत बसणार नाही, परतीच्या मालाचे सांगेल. भाडे एका बाजूचे आणि डिझेल दोन्ही बाजूंचे, असा व्यवहार वर्षभरही टिकत नाही. हवेत उडणाऱ्या मालगाडीलाही हाच नियम लागू आहे, आणि तो तिथे अधिक कठोर आहे. आपल्या देशात मालवाहू विमान कंपन्यांचा विचार करताना आपण ताफा मोजतो: विमाने किती, कोणत्या बनावटीची, किती टनांची. माझे म्हणणे असे की अशी कंपनी ताफ्यावर जगत नाही. रोज रात्री, ठरलेल्या वेळी, दोन्ही दिशांनी हमखास मिळणाऱ्या बोज्यावर ती जगते. आणि हा धडा परदेशातून आणावा लागत नाही. तो इंदूरपासून एका रात्रीच्या रस्त्यावर, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, १९४९ सालीच गिरवला गेला होता.

त्याच्याही आधीपासून सुरुवात करू. आपल्याकडची नियमित विमानवाहतूक जन्मली तीच माल वाहण्यासाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. मुंबईहून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. दोन छोटी विमाने, सरकारी अनुदान नाही, मिळकत टपालाच्या वजनावर. पहिल्या वर्षात टाटांच्या या कंपनीने १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल वाहिले आणि ६०,००० रुपये नफा कमावला. दहा टन म्हणजे आजच्या एका मध्यम ट्रकचा माल. तेवढा माल वर्षभरात वाहून कंपनी नफ्यात राहिली, कारण तो माल दर आठवड्याला नियमाने येणारा होता आणि त्याचा दर आधीच ठरलेला होता. हेच व्हिन्सेंट १९३५ साली इंदूरशी जोडले गेले. होळकर दरबाराने बिजासनची जागा विमानतळासाठी निवडली ती त्यांच्या सल्ल्याने. १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली तेव्हा तिचे थांबे होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. म्हणजे आपले शहर हवाई नकाशावर आले ते टपालाच्या वाटेवरचे गाव म्हणून.

स्वातंत्र्यानंतर दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी जे घडवून आणले, ते मला भारतीय वाहतुकीच्या इतिहासातले सर्वांत दुर्लक्षित धाडस वाटते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला उतरत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला तयार असे. त्याच वर्षी एप्रिलपासून टपालखात्याने देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने न्यायला सुरुवात केली. या दोन निर्णयांचा एकत्र विचार केला पाहिजे. पहिल्याने रात्रीचे वेळापत्रक दिले, दुसऱ्याने त्या वेळापत्रकाला बोजा दिला.

नागपूरच का, याचे उत्तर देशाचा मध्य एवढेच देऊन भागत नाही. जरा हिशेब करून पाहा. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांनी थेट विमान पाठवायचे तर रोज बारा उड्डाणे. त्या काळचे डाकोटा विमान ताशी सुमारे २७० किलोमीटरने जाई. दिल्ली-मद्रास हे साडेसतराशे किलोमीटरचे अंतर कापायला त्याला साडेसहा तास लागत, म्हणजे ते त्याच रात्री परत येणे अशक्य. लांबच्या जोड्यांना प्रत्येकी दोन विमाने आणि वैमानिकांच्या दोन तुकड्या लागल्या असत्या. नागपूर मध्ये घातले की चार विमानांत आणि आठ उड्डाणांत तेच काम होते. मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता साडेनऊशेच्या पुढे: प्रत्येक टप्पा अडीच ते साडेतीन तासांचा, म्हणजे एका रात्रीत जाऊन येण्याजोगा. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकही विमान कोणत्याही दिशेने रिकामे उडत नाही. मुंबईचे विमान जाताना तीन शहरांचे टपाल नेते आणि येताना तीन शहरांचे टपाल आणते. परतीच्या मालाचा प्रश्न त्या आखणीतच सुटलेला होता.

ज्या विमानांनी हे काम केले, ती या कामासाठी बांधलेली नव्हती. डाकोटा हे महायुद्धातले वाहतूक विमान, युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या उरलेल्या साठ्यातून स्वस्तात मिळालेले. ते शेपटीच्या चाकावर टेकून उभे राहते, त्यामुळे जमिनीवर असताना त्याच्या आतली फरशी मागून पुढे चढत जाते. दार मागच्या बाजूला, आणि वजनाचा तोल राखायला जड थैल्या पुढे हव्यात. म्हणजे मध्यरात्री हमालांनी थैली दारातून आत घ्यायची आणि उतरणीच्या उलट दिशेने ओढत न्यायची, तीही कंदिलाच्या किंवा अपुऱ्या विजेच्या उजेडात, घड्याळाकडे लक्ष ठेवून. कारण एक विमान खोळंबले तर चारही खोळंबणार. क्षमता सुमारे तीन टन. पण दाराची उंची ट्रकच्या हौद्याशी जवळपास जुळत असल्याने या विमानाला वेगळे यंत्र लागत नसे. ट्रक आणि माणसे पुरत. पुढे मोठी चार इंजिनांची स्कायमास्टरही या सेवेत आली. या रात्रींची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातल्या १४ जणांपैकी फक्त वैमानिक वाचला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही सेवा सुरू करणारी कंपनी, इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स, काही महिन्यांतच बंद पडली. सेवा थांबली, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा सुरू केली. हमखास बोजा असूनही कंपनी बुडत असेल, तर माझा सिद्धान्त कुठे राहिला? याचे उत्तर न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या हवाई वाहतूक चौकशी समितीच्या १९५० च्या निष्कर्षांत सापडते. स्वस्त डाकोटांच्या लाटेवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले होते. देशाला चार कंपन्या पुरेशा झाल्या असत्या, असे समितीचे मत पडले. ज्या कंपनीचा दिवसाचा धंदाच आतबट्ट्याचा, तिला रात्रीचे एक चांगले कंत्राट वाचवू शकत नाही. पाहण्यासारखी गोष्ट ही की कंपनी गेली, पण सेवा गेली नाही. चालवणारे बदलले, पुढे डेक्कन एअरवेजनेही तिचा भार उचलला, आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मली तेव्हा ती सेवा नव्या महामंडळाकडे आली. विमाने आणि मालक बदलत असताना जे टिकून राहते, तेच त्या व्यवहाराचे मूळ मानले पाहिजे. इथे टिकले ते वेळापत्रक आणि टपाल.

१९७३ साली ही सेवा बंद झाली. तोपर्यंत आपल्याकडे कॅराव्हेल येऊन नऊ वर्षे झाली होती, बोइंग ७३७ आले होते. दिल्ली-मद्रास अंतर आता अडीच तासांचे राहिले होते, आणि दिवसाच्या जेटच्या पोटात टपाल जाऊ शकत होते. तेव्हा नागपूरची मध्यरात्र अनावश्यक वाटली असेल तर नवल नाही. पण त्याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ रोजी, अमेरिकेत मेंफिस येथे फेडरल एक्स्प्रेसने १४ छोट्या फाल्कन जेट विमानांनी २५ शहरांतून १८६ पुडकी एका रात्रीत गोळा केली, मेंफिसला आणून वेगळी केली आणि पहाटे पाठवली. २५ शहरांना थेट जोडायला ६०० एकेरी उड्डाणे लागली असती. मध्ये मेंफिस घालून ५० पुरली. नागपूरचाच हिशेब, फक्त शहरे जास्त. ज्या कल्पनेवर जगातली सर्वांत मोठी मालवाहू विमान कंपनी उभी राहिली, ती आपण २४ वर्षे चालवून त्याच वर्षी मोडीत काढली. फेडरल एक्स्प्रेसनेही पहिली दोन वर्षे तोटाच सोसला. पण तिने जेटचा वेग पाहून मध्यरात्रीची भेट रद्द केली नाही. जेटच्या वेगाने ती भेट अधिक शहरांपर्यंत पोहोचवली. आपण मात्र वेग आला म्हणून रात्र सोडली. मला ही चूक तंत्रज्ञानाची वाटत नाही. टपाल हे ओझे आहे आणि प्रवासी हा धंदा आहे, या समजुतीची ती चूक होती.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी एक कंपनी मुद्दाम नागपूरला परतली. एअर डेक्कन विकून झाल्यावर कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी काढली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये नागपूर केंद्र धरून उड्डाणे सुरू केली. ताफा देखणा होता: मोठ्या टप्प्यांसाठी एअरबस ए३१० ची मालवाहू विमाने आणि छोट्या शहरांसाठी एटीआर. २०१० मध्ये रिलायन्सने तिच्यात हिस्सा घेतला. २०११ च्या मध्यापर्यंत सगळे थांबले होते. स्थान तेच, तत्त्व तेच, विमान डाकोटापेक्षा दहापट मोठे. मग अपयश का? माझे उत्तर त्या दहापटीतच आहे. ए३१० च्या वरच्या मजल्यावर १६ पॅलेट बसतात, प्रत्येक पॅलेट जाळीने आवळलेले, काही टनांचे. ते जमिनीपासून पाच मीटरच्या आसपास उंचीवरच्या दारात चढवायला यांत्रिक लोडर लागतो, तोही प्रत्येक शहरात. एका शहरातला लोडर बिघडला की पूर्ण जाळे उशिरा धावते. पण ही अडचण दुय्यम. मुख्य अडचण ही की रोज रात्री तीसेक टन माल प्रत्येक शहरातून हवा होता, आणि तो बाजारातून नव्याने गोळा करायचा होता. १९४९ मध्ये थैल्या आधीपासून होत्या आणि विमान नंतर आले. २००९ मध्ये विमान आधी आले आणि माल नंतर शोधावा लागला. भाड्याने घेतलेल्या विमानाचा हप्ता माल सापडेपर्यंत थांबत नाही.

याच्याशेजारी ब्लू डार्टचा इतिहास ठेवून पाहा. ही कंपनी १९८३ मध्ये मुंबईत कुरिअर म्हणून सुरू झाली. तेरा वर्षे तिने दुसऱ्यांच्या विमानांतून आपली पुडकी पाठवली, गावोगावी माणसे नेमली, ग्राहकांची सवय बसवली. १९९६ मध्ये दोन बोइंग ७३७-२०० मालवाहू विमाने घेऊन तिची स्वतःची विमान कंपनी उडू लागली, तेव्हा त्या विमानांचा माल गोदामात आधीच तयार होता. २००६ पासून ७५७ आली, एका फेरीचा माल ७३७ च्या जवळपास दुपटीवर गेला. अलीकडे ७३७-८०० ची जोड मिळाली. एवढ्या मोठ्या देशात हा ताफा आठ विमानांच्या घरात आहे. कुणी म्हणेल, तिच्यामागे डीएचएलचे बळ आहे. खरे आहे, पण डीएचएलने तिच्यात मोठा हिस्सा घेतला तो २००४-०५ च्या सुमारास, ती स्वतःच्या बळावर आठ वर्षे उडून झाल्यावर. तिच्याच काळातल्या दुसऱ्या दोन कंपन्या, फोकर एफ२७ उडवणारी एल्बी आणि लुफ्तांसाच्या भागीदारीतली हिंदुजा कार्गो, टिकल्या नाहीत. हिंदुजा कार्गोकडे बोइंग ७२७ होती, ब्लू डार्टच्या ७३७ पेक्षा मोठी. ताफ्यावर निकाल लागत असता तर तो उलटा लागला असता.

दुसरा आक्षेप असा की प्रवासी विमानांच्या पोटात इतकी जागा असते की स्वतंत्र मालवाहू विमान हा खर्चिक हट्ट ठरतो. या आक्षेपातला मोठा भाग मी मान्य करतो. देशांतर्गत हवाई मालाचा मोठा वाटा प्रवासी विमानांतूनच जातो आणि जात राहील. विमानाचा खर्च तिकिटांतून निघालेला असल्याने तिथला दर कोणतीही मालवाहू कंपनी देऊ शकत नाही. पण ए३२० च्या पोटातली जागा आधी प्रवाशांच्या बॅगांची असते, मग मालाची. सणासुदीला बॅगा वाढल्या की माल धक्क्यावर राहतो. त्या विमानाची वेळ प्रवाशाच्या सोयीने ठरते, कारखान्याच्या संध्याकाळच्या पाळीच्या सोयीने नाही. शिवाय दार लहान, त्यामुळे उंच यंत्र आत जात नाही. इंडिगोसारखी प्रवासी कंपनीसुद्धा २०२२ मध्ये ए३२१ चे मालवाहू रूपांतर घेते, आणि २०२३ च्या जानेवारीत ॲमेझॉन स्वतःच्या पुडक्यांसाठी क्विकजेटकडून ७३७-८०० उडवू लागते, ते याच उणिवेमुळे. ॲमेझॉनचे उदाहरण माझ्या मुद्द्याला पुष्टीच देते: माल ज्याचा, विमान त्याच्यामुळे उडते.

तिसरा आक्षेप रस्त्याचा आहे, आणि इंदुरात तो आलाच पाहिजे. इंदूर-मुंबई सहाशे किलोमीटरच्या आत. ट्रक रात्री निघून सकाळी पोहोचतो. या वाटेवर मालवाहू विमान मागणे चुकीचे आहे, हे मी स्पष्ट सांगतो. पीथमपूरची औषधे, यंत्रांचे सुटे भाग, कपडे मुंबईला जायचे असतील तर रस्ताच उत्तम. पण तीच खोकी चेन्नई, कोलकाता किंवा गुवाहाटीला दुसऱ्या दिवशी पोहोचवायची असतील तर ट्रक हरतो. आजही इंदूरचा असा माल आधी मुंबई किंवा दिल्लीला जातो आणि तिथून पुन्हा पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे वळतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. तिथली प्रत्येक वेळ प्रवासी विमानांसाठी झगडून मिळवलेली असते. इंदूर-नागपूर रस्ता रात्रीत पार होतो, मग नागपूरची मध्यरात्र पुन्हा उभी राहिली तर आपल्याला विमानाचीही गरज नाही. संध्याकाळचा ट्रक पुरेल. नागपूरच्या विमानतळालगतचा मिहानसारखा प्रकल्प मालवाहतुकीच्या नावाने आखला गेला, त्याचा हा उपयोग अजून झालेला नाही. उलट डिसेंबर २०२० मध्ये परदेशी अनियमित मालवाहू विमानांना फक्त सहा विमानतळांची मुभा राहिली: बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, मुंबई. देशी कंपन्यांना संरक्षण देण्याचा हेतू मला समजतो, पण त्या यादीत नागपूर नसणे म्हणजे मध्य भारताच्या मालाला पुन्हा किनाऱ्याकडे ढकलणे आहे.

शेवटचा आक्षेप: पत्रे संपली, तेव्हा टपालाचा आधार आता कुठून आणणार? पत्रे कमी झाली हे उघड आहे. पण टपालखात्याकडे आजही पार्सल आहे, स्पीड पोस्ट आहे, आणि देशातल्या कोणत्याही खाजगी कंपनीकडे नाही इतकी खेड्यापर्यंतची वाटप-व्यवस्था आहे. २००७ मध्ये याच खात्याने ईशान्य भारतासाठी एअर इंडियाचे ७३७ मालवाहू विमान वापरून पाहिले होते, म्हणजे कल्पना त्यांना परकी नाही. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने पत्रांवरची जुनी मक्तेदारी गेली आहे. तेव्हा खात्याने आता आपला रात्रीचा बोजा एखाद्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिला, तर १९४९ मध्ये किडवाईंनी जे केले तेच पुन्हा होईल. सरकारने विमान विकत घेऊ नये, अनुदानही देऊ नये. ठरलेल्या दराने ठरलेले वजन द्यावे आणि करार मध्येच मोडू नये, एवढेच.

आणि म्हणून इंदूरच्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना माझी एक विनंती आहे. मालवाहू विमान द्या म्हणून निवेदने पुष्कळ झाली असतील. ती काही काळ बाजूला ठेवा. पीथमपूरच्या औषध कंपन्या, सियागंजचे घाऊक व्यापारी, कपड्याचे निर्यातदार आणि ऑनलाइन माल पाठवणारे यांनी एकत्र बसून एकच नोंदवही सुरू करावी. सहाशे किलोमीटरच्या पलीकडे दुसऱ्या दिवशी पोहोचायला हवा असा माल रोज रात्री किती, कोणत्या शहराचा, आणि त्या शहरातून इंदूरला परत येणारा किती, हे त्यात वजनासह लिहावे. सहा महिने ती वही नियमाने भरा आणि मग ती घेऊन टपालखात्याकडे, नागपूरच्या विमानतळाकडे आणि कंपन्यांकडे जा. त्या वहीत परतीचा रकाना भरलेला असेल, तर विमान मागावे लागणार नाही.